कोणती मिनिटं कापू, साहेब?

नागराज मंजुळेचा ‘झुंड’ ४ मार्च २०२२ ला आला आणि चार दिवसांत निकाल लागला. पेपरातल्या साहेबांनी तारे मोजून दिले, वर सल्ला दिला : लांबलाय, कात्री लावा. पहिला भाग बरा, मॅच झकास, मग दुसऱ्या भागात दिग्दर्शक भरकटला म्हणे. फुटबॉलचा सिनेमा काढायला बसला आणि पासपोर्टच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

१७८ मिनिटं. लांब आहेच. पण २००१ साली ‘लगान’ आला तो २२४ मिनिटांचा होता. तेव्हा या मंडळींची घड्याळं बंद पडली होती काय? ‘लगान’मध्ये आपला एक माणूस आहे. नाव कचरा. हात वाकडा, म्हणून चेंडू वळतो, चेंडू वळतो म्हणून भुवन त्याला संघात घेतो. गाव आधी नाक मुरडतं, मग भुवनच्या भाषणाने विरघळतं. कचरा कुठे राहतो, त्याच्या घरात चूल पेटते का, मॅच जिंकल्यावर त्याला विहिरीवर पाणी भरू दिलं का? २२४ मिनिटांत एवढ्याला एक मिनिट नाही. तिथे कुणी कात्री मागितली नाही. जे कापायचं ते आधीच कापून आणलं होतं ना!

नागराजने तेच कापलेलं परत जोडलं. एवढाच त्याचा गुन्हा.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवला, ‘स्लम सॉकर’ उभं केलं. सिनेमात त्यांचं नाव विजय बोराडे, काम बच्चनचं. वस्ती आणि कॉलेज यांच्यामध्ये भिंत. भिंतीवर पाटी : ओलांडायला मनाई. अलीकडे अंकुश मसराम आणि त्याची पोरं. चोऱ्यामाऱ्या, नशा, मारामारी. पलीकडे हिरवं मैदान. कॉलेजच्या टीमशी मॅच होते, आपली पोरं जिंकतात. मुंबईच्या एखाद्या शहाण्या दिग्दर्शकाने ही मॅच शेवटाला ठेवली असती. ढोल, ताशे, झेंडा, लोक डोळे पुसत घरी. नागराज ती आधीच उरकून टाकतो आणि मग विचारतो, बरं, जिंकले. आता?

आता कागद.

परदेशात खेळायला जायचं तर पासपोर्ट पाहिजे. पासपोर्टला पुरावा पाहिजे. गोंड पोरगी मोनिका (रिंकू राजगुरू) आणि तिचा बाप आपण आपणच आहोत हे सिद्ध करायला या दारातून त्या दारात फिरतात. पोरगी समोर उभी आहे, बाप समोर उभा आहे, आणि सरकारला त्या दोघांचा पुरावा हवा आहे. मी तो भाग पनवेलच्या मॉलमध्ये पाहिला तेव्हा मागच्या रांगेतला एकजण म्हणाला, ‘बोअर करतोय यार.’ माझ्या शेजारचा दोस्त मात्र पुढे सरकून बसला होता. त्याच्या आजीच्या आधारवर तिचं नाव चुकलेलं, रेशनकार्डावर वेगळंच. त्याला माहीत होतं हा खेळ कसा संपतो. गोलकीपर दिसत नाही तिथे गोल मारायचा असतो.

मी बंदरात कंटेनर भरतो, खाली करतो. पास दाखवल्याशिवाय गेटाच्या आत पाय टाकता येत नाही. कंत्राटदार बदलला की पास रद्द. माणूस तोच, पाठ तीच, काम तेच, पण नवा पास येईपर्यंत मी गेटाबाहेरचा कुणीतरी. सुरक्षावाला मला नावाने ओळखतो, माझ्याकडून तंबाखू मागून खातो, आणि आत सोडत नाही. त्याचाही इलाज नाही. म्हणून समीक्षक ज्या वीस-पंचवीस मिनिटांना ‘पसारा’ म्हणाले, ती मला सिनेमातली खरी मॅच वाटते.

बंदराचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९७५ साली ‘दीवार’ आला. त्यातला विजयही बच्चनच, आणि गोदीत हमाली करणारा. दंडावर ७८६ नंबरचा बिल्ला. हप्ता मागणाऱ्या गुंडांना तो गोदामाचं दार आतून लावून एकटा लोळवतो. अख्ख्या देशाने शिट्ट्या मारल्या. मीही मारल्या, मोबाइलवर बघताना! पण परत बघा. बाकीचे हमाल त्या सिनेमात करतात काय? उभे राहून बघतात. विजय वर्मा कोट घालून मोठ्या हॉटेलात जातो, ते तिथेच पाठीवर ओझं घेऊन राहतात, आणि कॅमेरा विजयच्या मागे निघून जातो. तो बिल्ला बंदुकीची गोळी अडवतो. आमचा पास आम्हालाच अडवतो.

‘झुंड’मध्ये तोच बच्चन, तेच नाव, परत भिंत. या वेळी मात्र कॅमेरा हमालांबरोबर मागे थांबला आहे. पोरं एकेक करून आपली कहाणी सांगायला बसतात तेव्हा महानायकाला फक्त ऐकायचं काम आहे. हिंदी सिनेमाने त्याला गप्प बसून ऐकायला किती वेळा लावलं असेल?

इथे आपल्याच छावणीतून आवाज येतो : उद्धारकर्ता कशाला? सर नसते तर पोरं खेळली नसती काय? प्रश्न बरोबर आहे, विचारलाच पाहिजे. पण सिनेमा नीट बघा. सर सुरुवातीला पोरांना पैसे मोजतात. अर्ध्या तासाच्या खेळाचे पाचशे रुपये. म्हणजे उद्धार नाही, रोजंदारी. पैसे बंद झाल्यावरही पोरं खेळतात ते सरांसाठी नाही. आणि पुढे पुढे सर ऑफिसांच्या पायऱ्या झिजवणारा कारकून होतो. कोर्टातलं त्यांचं भाषण मात्र मलाही नको वाटलं. भिंत दाखवून झाल्यावर भिंतीवर व्याख्यान कशाला? कात्री लावायचीच तर तिथे लावा. बायकांनाही जागा कमी मिळाली आहे. रजियाची गोष्ट सुरू होते आणि गर्दीत हरवते.

पण १४ एप्रिलच्या मिरवणुकीला हात लावायचा नाही. बाबासाहेबांचं चित्र, डीजे, गुलाल नाही तर निळ, आणि बेभान नाचणारी पोरं. हिंदी सिनेमात गणपती नाचला, गोविंदा नाचला, होळी तर दर वर्षी नाचते. जयंती अशी भर पडद्यावर, कुणाची माफी न मागता, कधी नाचली होती? यालाही ‘कथेशी संबंध नाही’ म्हणणारे निघाले. भिंतीच्या पलीकडे बसून बघितलं तर नसेल संबंध. १९७२ साली ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला तेव्हाही शब्द कळत नाहीत अशी तक्रार होती. शब्द कामाठीपुऱ्यात सगळ्यांना कळत होते.

धंद्याचं थोडक्यात. ११ मार्चला ‘द काश्मीर फाइल्स’ आला आणि बऱ्याच राज्यांनी तो धडाधड करमुक्त केला. ‘झुंड’च्या एक निर्मात्या सविता राज हिरेमठ यांनी उघड विचारलं, मग आमचा का नाही? उत्तर कुणी दिलं असेल तर माझ्या वाचनात नाही. मे महिन्यात सिनेमा मोबाइलवर आला, आणि वस्तीतल्या पोरांनी तो खरा तिथे पाहिला.

आणि शेवट. विमानतळावर तपासणीच्या दाराशी अंकुशचा जीव टांगणीला लागतो. साधं दार, पण तो आजवर ज्या दारांत अडवला गेला ती सगळी त्या दारात उभी असतात. मग विमान उडतं आणि वस्तीवरून, भिंतीवरून जातं. समीक्षक म्हणतात, स्पर्धा दाखवलीच नाही, अपुरं वाटतं. आमच्या पनवेलला या, साहेब. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडतायत. त्यासाठी उलव्याची टेकडी फोडली, नदी वळवली, कोपर, कोल्ही, चिंचपाडा, वाघिवली अशी दहा गावं उठवली. सातबाऱ्यावर नाव असेल तर तू प्रकल्पग्रस्त, नसेल तर तू कोण? परत कागद. पत्र्याच्या छपरावरून विमान जातं तेव्हा पोरं वर बघतात. आत कोण बसलंय ते खालून दिसत नाही. नागराजने एकदा तरी त्यात आपली पोरं बसवून दाखवली.

दोस्तांनो, येत्या जयंतीला डीजेच्या पैशांतून थोडे बाजूला काढा. वस्तीच्या भिंतीवर पांढरी चादर ताणा आणि ‘झुंड’ लावा. पूर्ण लावा, १७८ मिनिटं, कागदपत्रांचा भाग पुढे न ढकलता. नंतर भांडू. मला बच्चनवरून शिव्या द्यायच्या असतील त्यांनी तयारी करून यावं. पाऊस आलाच तर ताडपत्री मी आणतो.