तांबड्या रश्शाची बाजू

अमेरिकेतल्या जुन्या इटालियन खाणावळींचे नाव काढताच काही रसिक नाक मुरडतात. म्हणे, "हे खरे इटालियन जेवण नव्हे!"

नसेना! १८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत उतरले. बहुतेक दक्षिणेकडले, गरीब. गावी ज्यांना मांस सणासुदीलाच दिसे, त्यांना इथे ते परवडू लागले. मग खिम्याचे गोळे मोठे झाले आणि टोमॅटोच्या रश्शासह स्पॅगेटीवर येऊन बसले. याला भेसळ म्हणायचे?

मुळात टोमॅटोच अमेरिका खंडातून इटलीत गेलेला! आपली मिरचीही तिकडचीच, पोर्तुगीजांनी आणलेली. म्हणून आपला ठेचा बाटला काय?

तेव्हा चांगली खाणावळ शोधताना सोवळे-ओवळे पाहू नका, घराणे पाहा. ब्रुकलिनचे 'बामोंटेज', फिलाडेल्फियाचे 'रॅल्फ्स' ही दोन्ही १९०० सालची, पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराने चालवलेली. शेजारच्या टेबलावर आजी नातवाला वाढताना दिसली, की खुशाल बसा.

मी शाळामास्तर, चुका काढणे हा माझा धंदाच. पण परमुलखात पोरांना पोटभर वाढणाऱ्या आईच्या रश्शावर तांबडी शाई चालवण्याचा अधिकार कोणालाच नाही!