पोचिंकीत राहणारी माणसं कुठे गेली?

बीजीएमआय हा मोबाइल गेम खेळणाऱ्या कुठल्याही मुलाला त्यातल्या पोचिंकी या गावाबद्दल विचारा. कुठल्या घरात लूट चांगली मिळते, कुठल्या खिडकीतून नेम साधतो, सगळं तोंडपाठ असतं. मग आणखी एक विचारा : या घरांत राहत कोण होतं? त्याचं उत्तर गेममध्ये नाही. विमानातून उतरणारे सगळे लढायलाच येतात. गावात म्हातारंकोतारं नाही, लेकुरवाळी नाही, दुकानदार नाही.

पालकहो, गेम खेळून मूल हिंसक होईल का, या एकाच धास्तीत आपण अडकतो. मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. युद्धात ज्यांची घरंदारं जातात, ती निःशस्त्र माणसं या खेळांत असतात का? आणि ती मेली तर पुढे काय होतं?

बरेच गेम त्यांना वगळूनच टाकतात. काहींत नागरिकाला गोळी लागली की ‘मिशन फेल’ येतं आणि मागच्या चेकपॉइंटपासून खेळ पुन्हा सुरू होतो. मेलेला माणूस परत उभा राहतो, चुकीचं ओझं कुणावरच राहत नाही. २००९ च्या ‘मॉडर्न वॉरफेअर २’मध्ये खेळाडू अतिरेक्यांच्या टोळीत मिसळून मॉस्कोच्या विमानतळावरच्या हत्याकांडात उतरतो. नागरिकांवर गोळी न झाडताही तो प्रसंग पार पडतो, तो वगळण्याची सोयही आहे. धक्का बसतो खरा, पण विचार करायला उसंत मिळत नाही.

‘स्पेक ऑप्स : द लाइन’ (२०१२) ती उसंत देतो. वाळूने गाडलेल्या दुबईत खेळाडू पडद्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर फॉस्फरसचे गोळे टाकतो. नंतर त्याच जागेतून त्याला पायी चालावं लागतं. आसऱ्याला आलेले नागरिक तिथे जळून पडलेले असतात, त्यांत मुलाला कवटाळलेली आईही. दुसरा मार्ग न ठेवता खेळाडूलाच दोषी धरणं मला पटत नाही. पण केलेलं जवळून पाहायला लावणं, हे मोठं काम त्या गेमने केलं.

माझ्या मते सर्वांत प्रामाणिक गेम पोलंडचा आहे : ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४). साराजेव्होच्या वेढ्यावरून तो सुचला. इथे आपण सैनिक नसतो, वेढ्यात अडकलेली साधी माणसं असतो. उपासमार होते, औषध संपतं. एका घरात वृद्ध जोडपं राहतं, त्यांच्याकडे अन्न आणि औषध दोन्ही आहे. लुटलं तर अडवायची ताकद त्यांच्यात नाही. पण परतल्यावर आपलीच माणसं खचतात, अंथरूण सोडत नाहीत, सांगितलेलं ऐकत नाहीत. ते चेकपॉइंटवर पुसलं जात नाही. २०२० मध्ये पोलंड सरकारने हा गेम शाळांच्या पूरक वाचनयादीत घेण्याचं जाहीर केलं, ते उगाच नाही.

म्हणून मोबाइल हिसकावण्याआधी शेजारी बसा. खेळ समजून घ्या, वयाची खूण बघा. वर सांगितलेले ‘मॉडर्न वॉरफेअर २’, ‘स्पेक ऑप्स’ आणि ‘धिस वॉर ऑफ माइन’ हे तिन्ही गेम लहानांसाठी नाहीत. घरात अठरा पूर्ण केलेलं कुणी असेल, तर त्याच्याबरोबर ‘धिस वॉर ऑफ माइन’ एकदा खेळा, आणि त्या म्हाताऱ्यांच्या औषधाला हात लावायचा की नाही, हे दोघांनी बोलून ठरवा.