पैजेच्या डावपेचांत हरतो कोण?

१० सप्टेंबर २०२२ रोजी कोलकात्याच्या गोदीलगतच्या गार्डन रीच भागातील एका घरातून अंमलबजावणी संचालनालयाने १७ कोटी रुपयांहून अधिक रोकड जप्त केली. ‘ई-नगेट्स’ या मोबाइलवरील खेळातून हा पैसा गोळा झाला, असा तपासयंत्रणेचा आरोप आहे. आरोपातील कार्यपद्धती ध्यानात घेण्याजोगी आहे. आरंभी खेळणाऱ्याला बक्षिसी मिळे आणि खात्यातले पैसे विनासायास काढता येत. विश्वास बसून त्याने मोठी रक्कम भरली की पैसे काढण्याची सोय बंद होई आणि सारी माहितीच पुसली जाई.

ही उघड लबाडी झाली, आमचा व्यवहार मात्र चोख आहे, असे या धंद्यातील प्रतिष्ठित कंपन्या सांगतात. अभ्यास करा, संयम राखा, दीर्घ पल्ल्याचे डावपेच आखा आणि जिंका, ही त्यांची शिकवण. ती अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलवर तपासून पाहावी. कारण तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर खेळांवरील पैज बहुतेक राज्यांत कायदेशीर झाली आहे. तेथला रूढ भाव असा की, १०० जिंकण्यासाठी ११० लावावे लागतात. शंभर पैजांपैकी पन्नास जिंकल्या तर मिळाले ५,००० आणि गेले ५,५००. नुसती बरोबरी साधायची तरी शेकडा ५२.४ पैजा जिंकल्या पाहिजेत. अपवादाने कोणी सातत्याने जिंकू लागलाच, तर कंपन्या त्याच्या पैजेच्या रकमेवर मर्यादा घालतात. दीर्घ पल्ल्याचा डावपेच एकाचाच यशस्वी होतो: धंद्याच्या मालकाचा.

शिवाय ज्या माहितीवर हा अभ्यास उभा, तीच विकाऊ असते. पैज लावणाऱ्यांना स्वतःच्या प्रकृतीची गुप्त माहिती पुरवल्याबद्दल एप्रिल २०२४ मध्ये जॉन्टे पोर्टर या खेळाडूवर एनबीएने आजन्म बंदी घातली.

खुद्द कोलकात्याला हा प्रकार नवा नाही. बडाबाजारात एकेकाळी पाऊस किती पडेल यावर पैजा लागत. त्या थांबवण्यासाठी १८९७ मध्ये खास कायदा करावा लागला. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावरील पैजांतून मटका सुरू झाला आणि गिरणी कामगाराच्या पगाराला गळती लागली. पाऊस, कापूस किंवा बास्केटबॉल, निमित्त कोणतेही असो. उत्पादन कशाचेच होत नाही. हजारो खिशांतला पैसा एका तिजोरीत जातो, एवढेच घडते. आज या व्यवहाराला ‘कौशल्याचा खेळ’ हे सोज्वळ नाव मिळाले आहे आणि त्याची जाहिरात भारतीय क्रिकेट संघाच्या सदऱ्यावर ऑगस्ट २०२५ पर्यंत झळकत होती.

राज्यकर्त्यांची भूमिका काय? मार्च २०२४ मध्ये निवडणूक रोख्यांचा तपशील उघड झाला, तेव्हा सर्वांत मोठा खरेदीदार निघाला लॉटरीचा धंदा करणारी फ्यूचर गेमिंग ही कंपनी. तिने १,३६८ कोटींचे रोखे घेतले आणि त्यांतील सर्वांत मोठा वाटा, सुमारे ५४० कोटींचा, त्या वेळी पश्चिम बंगालमध्ये सत्तेवर असलेल्या तृणमूल काँग्रेसला मिळाला. भारतीय जनता पक्षही या कंपनीच्या लाभार्थ्यांत होता. रोजंदारीवरच्या माणसाने चहाच्या टपरीशेजारी घेतलेल्या तिकिटाचा पैसा कोठवर पोहोचतो, हे यावरून दिसते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, ही गोष्ट योग्यच आहे. परंतु त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून लॉटरी व घोड्यांच्या शर्यतींवर ४० टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. एका हाताने बंदी आणि दुसऱ्या हाताने वसुली, असे हे धोरण आहे. बुडालेल्या सामान्य माणसाचे पैसे जप्त मालमत्तेतून त्वरेने परत मिळाले पाहिजेत आणि जुगाराच्या पैशावर राजकीय पक्ष पोसणे थांबले पाहिजे. या दोन मागण्यांवाचून बंदी अपुरी आहे.

आणि कायदा कितीही कडक झाला, तरी मूळ प्रश्न उरतोच. पदवी घेऊन दिवसाला बारा तास दुचाकीवरून पार्सले पोहोचवणारा तरुण हातातल्या मोबाइलवर नशीब अजमावतो, तो आळशी आहे म्हणून नव्हे. कष्टाने घर उभे राहील, हा त्याचा भरवसा या व्यवस्थेने हिरावून घेतला आहे. त्याला नीतीचे धडे देऊन काहीही साधणार नाही.

कामगार व युवक संघटनांतील कार्यकर्त्यांनी हा विषय खासगी व्यसन मानून टाळू नये. कर्जात बुडालेला साथी लाजेने गप्प राहतो आणि सावकार त्या मौनाचा फायदा घेतो. त्याच्या घरी जावे, हिशेब मांडून दाखवावा, तक्रार नोंदवण्यास मदत करावी. स्थिर रोजगार आणि रास्त वेतन यांच्या लढ्यात त्याला सोबत घ्यावे. त्याचे गेलेले दिवस पैजेने परत येणार नाहीत.