वीज आयोगातली वकिलाची खुर्ची

विजेचा दर कोण ठरवतं? महावितरण फक्त मागणी करतं. निर्णय घेतो तो १९९९ साली स्थापन झालेला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. २००३ च्या वीज कायद्याने त्याला निवाड्याचेही अधिकार दिले. तरी तिथे कायद्याचं माणूस असणं सक्तीचं आहे, हे ठरायला १२ एप्रिल २०१८ उजाडलं. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या खटल्यात तसा निकाल दिला.

खुर्ची मिळाली, पण तिच्यावर कोण बसणार? निवड समितीत उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश, मुख्य सचिव आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाचे किंवा केंद्रीय आयोगाचे अध्यक्ष असतात. बिल भरणारी बाई त्यात नाही.

अमेरिकेत शेरिल लाफ्लूर बोस्टनला वकिली करून वीज कंपनीत मोठ्या पदावर गेल्या आणि २०१० ते २०१९ संघीय ऊर्जा आयोगात होत्या, अध्यक्षही झाल्या. कंपनी आतून कळलेलं माणूस उपयोगी पडतं, यात वाद नाही. पण सगळे त्याच वाटेने आले तर ग्राहकाची बाजू कोणाला कळणार? आपल्या आयोगाच्या अध्यक्षपदी चंद्रा अय्यंगार होत्या, त्या प्रशासकीय सेवेतून आलेल्या. बाई तिथे पोहोचू शकते हे त्यातून दिसलं. आता प्रश्न आहे तो तालुक्याच्या कोर्टातून तिथे जाणाऱ्या वाटेचा.

तिथली वकील काय जाणते? कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे घरमालकच नव्हे, तिथे राहणारी व्यक्तीही वीजजोडणी मागू शकते. म्हणजे नवऱ्याने टाकलेली, घर नावावर नसलेली बाईसुद्धा. कलम ५६ प्रमाणे थकबाकीपोटी वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस हवी. पण बिल सासऱ्याच्या नावाचं असेल तर नोटीसही त्याच्याच नावाने निघते, आणि अंधारात बसते ती सून. अंबड-भोकरदनला पोटगीचे दावे लढवणारीला हे सांगावं लागत नाही.

जालन्याचे सळ्यांचे कारखाने आयोगापुढे वकील उभा करू शकतात. आपल्याला ते परवडत नाही. म्हणून कलम ९४ मध्ये ग्राहकांच्या वतीने प्रतिनिधी नेमण्याची सोय आहे, ती मागू या. २०१८ च्या निकालाप्रमाणे दीर्घ वकिली केलेली, जिल्हा न्यायाधीश होण्यास पात्र असलेली व्यक्तीही या पदावर बसू शकते. पुढच्या वेळी जागा रिकामी होईल तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यातल्या संघटनांनी आपल्या वकील मैत्रिणींना अर्ज करायला लावावा. आणि उमेदवाराने आजवर कोणाची वकिली केली, ते लोकांपुढे मांडा, अशी मागणी सरकारकडे लावून धरावी.