शाळेची सभा कोणाची?

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने जिल्हा परिषदेच्या शाळांतील व्यवस्थापन समितीवर तीन-चतुर्थांश सभासद पालकांतून, आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविले. अनुदानाच्या विनियोगावर देखरेख हेही तिचेच कर्तव्य होय. परंतु परंडा तालुक्यातील सोनारीसारख्या गावी सभा भरदुपारी बोलाविली, तर मजूर मातेला हजेरीसाठी दिवसाचा रोज बुडवावा लागेल. ऊसतोडीस गेलेल्या पालकाला ती हंगामभर दुर्लभच. मग कायद्याने दिलेली जागा कागदावरच उरावयाची. म्हणून सभा सायंकाळी भरवावी, विषयपत्रिका आधी फळ्यावर लावावी आणि इतिवृत्त व जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवावा. पालकांनी हिशेब विचारल्याने शाळेची अप्रतिष्ठा होत नाही; होते ती हिशेब झाकल्याने.