बाळंतिणीच्या माथीं मारलेला दोष

मातृत्वाविषयीं आमच्या भाषेंत जितकें गोड लिहिलें गेलें आहे तितकें दुसऱ्या विषयावर क्वचितच लिहिलें गेलें असेल. पान्हा हा शब्द निघाला कीं कवीची लेखणी ओली होते, वक्त्याचा कंठ दाटून येतो आणि श्रोते माना डोलावूं लागतात. परंतु पान्हा हा केवळ उपमेचा विषय नव्हे. तो जिवंत शरीराचा व्यापार आहे. त्या व्यापारांत दोन जीव भागीदार असतात, आणि त्यांपैकीं धाकट्या भागीदाराची जीभ जन्मतःच जखडलेली असेल तर थोरल्याच्या मायेला कितीहि पूर आला तरी दूध पोटांत उतरत नाहीं. ही साधी गोष्ट आमच्या सुशिक्षित घरांतूनहि फारशी कोणास ठाऊक नसते. ठाऊक नसणें हा अपराध नव्हे, पण ठाऊक नसतांना निवाडा देणें हा अपराध आहे, आणि तो निवाडा घरोघरीं रोज दिला जात आहे: "हिला दूधच नाहीं." या तीन शब्दांविरुद्ध आज आम्हांस लिहावयाचें आहे.

आमच्या आप्तांपैकीं एका घरीं गेल्या वर्षीं मुलगी झाली. सून शिकलेली, प्रकृतीनें धडधाकट. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पदर भिजे इतकें दूध तिला होतें. पण तान्ही तासन् तास अंगावर असून तृप्त होईना. पितांना टक् टक् असा आवाज होई, दूध ओठांच्या कडेनें गळे, आणि तोंड सुटल्यावर पाहावें तों स्तनाग्र बोरूच्या टोंकासारखें तिरपें चेपलेलें. पुढें त्यास चिरा पडल्या व रक्त येऊं लागलें. तिसरा आठवडा लागला तरी मुलीचें जन्मवेळचें वजन भरून आलें नव्हतें. मग घरांतील शहाणपणास भरती आली. सासूबाईंनीं अळिवाची खीर, डिंकाचे लाडू व शतावरी यांचा मारा चालविला; मावशींनीं दृष्ट काढली; मालिशवालीनें स्तनांतील गांठ गरम शेकानें व अंगठ्यानें रगडून रगडून लालभडक केली; आणि ज्या प्रसूतिगृहांत मुलगी जन्मली होती तेथें तिच्या तोंडांत न पाहतांच "दूध कमी दिसतें, डबा सुरू करा" असें सांगण्यांत आलें. अठराव्या दिवशीं त्या मुलीच्या आईस हुडहुडी भरून ताप आला.

शेवटीं एका अनुभवी परिचारिकेनें, तान्ही रडत असतां, तिच्या जिभेखालीं बोट घातलें. जीभ खालच्या हिरडीपलीकडे जात नव्हती व तिचें टोंक मधोमध ओढलें जाऊन बदामाच्या आकाराचें झालें होतें. जिभेखालची पडदी कापण्यास एक मिनिटहि लागलें नाहीं. त्यानंतरहि सारें सुरळीत होण्यास कांहीं आठवडे आणि पुष्कळ शिकवणूक लागली. आई बरी झाली, मुलगी बाळसें धरूं लागली. पण त्या आईनें आम्हांस सांगितलेलें एक वाक्य आमच्या मनांतून जात नाहीं: "तीन आठवडे मी माझ्याच मुलीला उपाशी ठेवतें आहें असें मला वाटत होतें, आणि घरांत कोणी नाहीं म्हटलें नाहीं." पडदीची जखम दोन दिवसांत भरली. या दुसऱ्या जखमेचा हिशेब कोणी द्यावयाचा?

प्रथम शरीराचा न्याय समजून घेऊं. तान्हें मूल स्तन 'ओढतें' असें आपण म्हणतों, परंतु तें केवळ ओठांनीं ओढणें नव्हे. जीभ खालच्या हिरडीपुढें येऊन स्तनाग्रासह भोंवतालचा काळसर भाग तोंडांत धरते. नंतर तिचा मागचा भाग खालीं गेला म्हणजे तोंडांत जी पोकळी उत्पन्न होते तिच्या ओढीनें दूध येतें. पडदी फार आंखूड, जाड अथवा टोंकापर्यंत आलेली असली तर जिभेस हें साधत नाहीं, आणि मूल हिरड्यांनीं चावून पकड सांभाळूं पाहतें. यासच जिव्हाबंध म्हणतात. निरनिराळ्या पाहण्यांत शंभर तान्ह्यांमागें सुमारें चार ते दहांस तो आढळला आहे. त्या सर्वांसच अडचण होते असें नाहीं. पण ज्यांस होते त्यांच्या आयांवर दुहेरी संकट येतें. मूल उपाशी राहतें, आणि न उपसलेलें दूध स्तनांत तुंबून राहतें. स्तनाचा नियम असा कीं, जितकें दूध निघतें तितकें तयार होतें. निघेनासें झालें कीं तें हळूहळू आटतें. म्हणजे "हिला दूध नाहीं" हा आरोप पहिल्या दिवशीं खोटा असतो आणि महिन्याभरानें खरा होतो, आणि घरचीं माणसें या परिणामालाच पुरावा समजून "आम्ही म्हणत नव्हतों?" असें विचारावयास मोकळीं होतात! पोहरा फुटका, आणि शिव्या मात्र विहिरीला.

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे आमच्या उपचारांची विपरीतता ध्यानांत येईल. ज्या स्तनांतून दूध निघत नाहीं तेथें तें वाढविण्याचे उपाय करणें म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. आणि गांठ रगडण्याची जी चाल आहे तिच्याविषयीं तर स्पष्टच बोललें पाहिजे. दुधाच्या नळींत कांहीं खडा अडकतो व तो चोळून बाहेर काढावयाचा असतो, अशी समजूत वैद्यांचीहि होती. गरम शेक, जोराचें मर्दन आणि वारंवार स्तन रिकामा करणें हाच उपदेश सर्वत्र होत असे. परंतु स्तनपानाच्या वैद्यकास वाहिलेल्या 'अ‍ॅकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन' या संस्थेनें २०२२ सालीं आपलें धोरण बदललें. दुग्धवाहिन्या असंख्य असून एकमेकींत गुंतलेल्या असतात. बहुधा अडथळा आंतील गांठीचा नसतो, सभोंवतालच्या सुजेनें वाहिन्या दबलेल्या असतात. सुजेवर अंगठा रगडला तर सूज वाढते, नाजूक ऊति दुखावते. म्हणून आतां थंड शेक, हलका हात, मुलाच्या भुकेप्रमाणें नेहमींसारखें पाजणें, यंत्रानें जास्तीचें दूध न काढणें, आणि वैद्याच्या सल्ल्यानें सूज व वेदना कमी करणारें औषध, हा मार्ग सांगतात. ताप चढून चोवीस तासांत उतार पडला नाहीं तर वैद्यास दाखविलेंच पाहिजे. कारण गळूं झाल्यास पू काढावा लागतो. स्तनदाह झाला असतांहि त्या स्तनाचें दूध मुलास बाधत नाहीं. "दूध नासलें" म्हणून तें तोडणें म्हणजे तुंबारा वाढविणें होय.

येथें जुन्या पिढीचा आक्षेप येतो: "आमच्या वेळीं हीं थेरें नव्हतीं. आम्ही चार-चार मुलें वाढविलीं." वाढविलीं, हें खरेंच, आणि त्या कष्टांस आम्ही वंदन करितों. परंतु आक्षेपकांनीं आपल्याच आठवणी नीट चाळाव्या. बोंडल्यानें गाईचें दूध पाजून जगविलेलें मूल, चुलतीच्या अंगावर वाढलेलें मूल, "दोन महिन्यांचें होऊन गेलें" एवढ्या एका वाक्यांत ज्याची कथा संपते तें मूल, हीं कोणत्या घरांत नव्हतीं? त्यांपैकीं कितींची जीभ बांधलेली होती हें कोणी पाहिलें होतें? जीं गेलीं तीं साक्ष द्यावयास उरलीं नाहींत, आणि जीं उरलीं त्यांच्याच साक्षीवर "आमच्या वेळीं" हा सिद्धांत उभारला गेला आहे.

दुसरा पक्ष डब्याचा. डब्याचें दूध विष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. उपाशी मुलास दूध मिळालेंच पाहिजे. आईचें काढून वाटी-चमच्यानें द्या, तें न पुरल्यास वैद्याच्या सल्ल्यानें दुसरें द्या. दुसऱ्या मातेचें दूध आजारी व अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांपर्यंत पोंचविण्याचा मार्गहि आमच्याच शहरानें दाखविला आहे: मुंबईस शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं आशियांतील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. आमचा राग डब्यावर नाहीं, तपासणीच्या जागीं डबा पुढें करण्यावर आहे. जागतिक आरोग्य परिषदेनें १९८१ सालीं या व्यापाराविषयीं आचारसंहिता केली. आपल्या देशांत १९९२ सालीं कायदा झाला व २००३ सालीं तो अधिक कडक करण्यांत आला. अर्भकांच्या दुधाची जाहिरात त्यानें बंद केली. पण घाईंत असलेल्या वैद्याच्या तोंडून निघालेलें "डबा सुरू करा" हें वाक्य कोणत्याहि जाहिरातीपेक्षां प्रभावी असतें, आणि त्याला कोणता कायदा आवर घालणार?

तिसरा पक्ष अगदीं उलट टोंकाचा, आणि तो अलीकडे वाढीस लागला आहे. मूल रडलें, काप पडदी. झोंपलें नाहीं, काप पडदी. आणि जीभ झाल्यावर ओठ व गाल यांच्याहि पडद्यांवर किरणांचें शस्त्र चालवा! अमेरिकेंत १९९७ ते २०१२ या काळांत जिव्हाबंधाचीं निदानें अनेक पटींनीं वाढलीं. तान्ह्यांच्या जिभा एका पिढींत इतक्या आंखूड झाल्या असें कोणी म्हणणार नाहीं. २०१७ सालच्या कॉक्रेन समीक्षेंत पांच प्रयोगांतील ३०२ अर्भकांचा विचार झाला. पडदी कापल्यानें आईची वेदना कांहीं काळ तरी कमी झाली, पण मुलाच्या पिण्यांत सर्वत्र सारखी सुधारणा दिसली नाहीं. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेंहि २०२४ सालीं हाच सावधपणा सांगितला: आधीं पाजणें प्रत्यक्ष पाहा, मुलाची पकड सुधारा, इतर कारणें शोधा, नंतर गरज उरली तर कापा. आमच्या आप्तांच्या मुलीस कात्रीचा उपयोग झाला, म्हणून प्रत्येक रडणाऱ्या मुलाच्या तोंडांत कात्री घालावी असें आम्ही मुळींच म्हणणार नाहीं. न पाहतां डबा देणारा आणि न पाहतां पडदी कापणारा, दोघेहि एकाच पंक्तीचे.

उरला चौथा पक्ष, आणि त्यांत आम्हीहि मोडतों: उपदेशकांचा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत स्तनपानाचा सप्ताह साजरा होतो, भिंतींवर चित्रें लागतात, भाषणें होतात. सरकारनें २०१६ सालीं 'मां' या नांवाचा कार्यक्रम काढला. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणींत सहा महिन्यांखालील मुलांपैकीं शेंकडा ६३.७ मुलें केवळ आईच्या दुधावर असल्याचें आढळलें. आंकडा आनंदाचा आहे. पण उरलेल्या छत्तीसांत ज्यांच्या आया रक्ताळलेल्या स्तनांनीं मध्यरात्रीं रडत बसल्या होत्या त्या किती, हें त्यांत लिहिलेलें नसतें. "आईचें दूध अमृत आहे" एवढेंच सांगून निघून जाणारा उपदेशक अशा आईच्या खोलींत अमृत ठेवीत नाहीं, अपराधीपणा ठेवून जातो.

आमचें मागणें मोठें नाहीं. प्रसूतिगृहांतून घरीं पाठविण्यापूर्वीं प्रत्येक तान्ह्याचें तोंड जिभेखालपर्यंत तपासावें, आणि जाणत्या परिचारिकेनें एकदां तरी पाजणें आरंभापासून शेवटपर्यंत पाहावें. पाजतांना सारखी असह्य कळ येणें हें आईपणाचें भूषण नसून कांहीं तरी चुकत असल्याची खूण आहे, हें प्रत्येक बाळंतिणीस सांगावें. नवऱ्यानें बाळाच्या वजनाचा कागद वाचण्यापलीकडेहि कांहीं करावें: रात्रीं उठावें, थंड पाण्याची घडी करून द्यावी, वैद्याकडे जातांना बरोबर असावें, आणि घरांतील निवाडे बायकोच्या कानीं पोंचण्यापूर्वीं दाराशींच अडवावे. आणि ज्या सासवा, मावश्या व शेजारणी मनापासून कळवळतात, त्यांस आमची हात जोडून विनंति आहे कीं, "दूध नाहीं" हे शब्द बाळंतिणीच्या खोलींत उच्चारूं नयेत. त्याऐवजीं एवढेंच विचारावें, "पाजतांना दुखतें का ग?" त्या सुनेस तीन आठवड्यांत हा प्रश्न घरांतील एकाहि माणसानें विचारला नव्हता. पहिल्या दिवशींच कोणी विचारला असता, तर पुढचें सारें टळलें असतें.