बेकारांकडून वसूल केलेली फी

पदवी घेऊन घरी बसलेल्या तरुणाला उपदेश करणाऱ्यांचा आज तोटा नाही. तुझ्या अंगी कौशल्य नाही, तुला कष्ट नकोत, सरकारी नोकरीचा नाद सोड, असे त्याला बजावले जाते. बजावणारे बहुधा स्वतः कायम नोकरीत तरी असतात, नाहीतर निवृत्तिवेतनावर!

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ मधील अहवालानुसार, २०२२ साली भारतातील लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारीचे प्रमाण ३.४ टक्के, तर पदवीधर तरुणांत २९.१ टक्के होते. यावरून निरक्षर सुखात आहेत असे कोणी समजू नये. त्यांना बेकार राहणे परवडत नाही, म्हणून ते मिळेल त्या मजुरीवर राबतात. त्या मजुरीतून सुटका व्हावी यासाठीच आईबापांनी कर्ज काढून मुलांना शिकवले.

२०२३ साली महाराष्ट्रात तलाठ्यांच्या सुमारे साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार! या सर्वांना उद्या कौशल्याचे धडे दिले, तरी जागा एकानेही वाढणार नाही. रांगेतील क्रम तेवढा बदलेल. आणि या रांगेत उभे राहण्याचे शुल्क किती? खुल्या प्रवर्गाला १००० रुपये, राखीव प्रवर्गाला ९००. बेकाराच्या खिशात हात घालणाऱ्या शासनाला कल्याणकारी म्हणायचे काय?

२०२४ साली शासनाने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. पदवीधराला दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन, मुदत सहा महिने. प्रशिक्षणार्थींनी आंदोलन केल्यावर ती पाच महिन्यांनी वाढली. शाळांतून, कार्यालयांतून या मुलांनी कामे केली. म्हणजे काम आहे, हे शासनाने स्वतःच कबूल केले. नाकारली ती नोकरी.

याच महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. काम मागणे ही याचना नसून हक्क आहे, हे तत्त्व त्याने मान्य केले. खडी फोडणाऱ्याला लागू होणारे तत्त्व पदवीधराच्या दाराशी येऊन का थांबावे? रिक्त पदे कायमस्वरूपी भरा, भरतीचे वेळापत्रक बांधून घ्या, परीक्षाशुल्क रद्द करा, या मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी तालुक्यातालुक्यांतील अभ्यासिकांत गेले पाहिजे. तेथे बसलेला प्रत्येक तरुण आज शेजाऱ्याला प्रतिस्पर्धी समजतो आहे. त्याला तो सोबती वाटू लागेल, त्या दिवशी ही रांग मोर्चा होईल.